प्रतिसाद: इन्फ्लॅमेबल म्हणजे न पेटणारं?
वर कुणीतरी लिहिलंय की इन्फ्लॅमेबल म्हणजे न पेटणारं, इनकरेक्टमधल्या इनसारखं. अहो नाही, प्लीज हा अर्थ डोक्यातून काढा! इथला इन नकारार्थी नाहीये, लॅटिनमधल्या पेटवणे ह्या अर्थाच्या क्रियापदातून तो सोबतच आलाय, त्यामुळे इन्फ्लॅमेबल काय नि फ्लॅमेबल काय, दोन्ही एकच, पटकन पेट घेणारं. पेट्रोलच्या टँकरवर मागे हायली इन्फ्लॅमेबल लिहिलेलं असतं की. ह्याच घोळापायी अमेरिकेत १९२० च्या दशकात आगीपासून सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थेने फ्लॅमेबलच वापरा म्हणून आग्रह धरला आणि योग्यच केलं, लेबल वाचून उलटा अर्थ लावला तर जिवावर बेतेल. न पेटणाऱ्याला नॉनफ्लॅमेबल म्हणायचं. स्पेलिंगमध्ये एम डबल, फ्लेममध्ये मात्र एकच, तिथेच हमखास चुकतं.