मदत हवी आहे: झाडीतला छोटा डिस्क गोल्फ कोर्स आणि डावीकडेच जाणारी डिस्क

पाऊसवेडा_सिएटल:

मंडळी, नमस्कार.

इथे क्रिकेटवर हजार धागे आहेत, डिस्क गोल्फवर शोधला तर एकही सापडला नाही. म्हणून नवा काढतोय. कोणी खेळत असेल तर कृपया वाचवा.

सिएटलमध्ये नॉर्थगेटजवळ मिनरल स्प्रिंग्स नावाचं एक लहानसं सार्वजनिक पार्क आहे, तिथे डिस्क गोल्फचा कोर्स आहे. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हिशेब गोल्फचाच, पण काठी-चेंडूऐवजी फ्रिस्बीची जड, कडक धाकटी बहीण फेकायची आणि खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली लोखंडी बास्केट, वर साखळ्या लोंबणारी. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, बास्केटमध्ये जाईपर्यंत. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. तिकीट नाही, बुकिंग नाही. संध्याकाळी ऑफिस सुटलं की बूट घालून थेट जाता येतं.

कोर्स छोटा म्हणून मी निर्धास्त होतो. बरेचसे होल, म्हणजे टी ते बास्केट असे टप्पे, दोनशे फुटांच्या आतबाहेर. पण मधे जी झाडी आहे ना! कवेत न मावणारे फरचे आणि सीडरचे बुंधे, खाली कमरेएवढे नेचे आणि कडेला ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. टीवरून बास्केट दिसते, पण तिथवर जायची वाट म्हणजे दोन खोडांमधली दाराएवढी फट.

माझं रडगाणं असं. मी उजव्या हाताने बॅकहँड फेकतो. तीन-चार पावलं पळत येतो, जीव खाऊन फेकतो. डिस्क शंभर फूट सरळ जाते, मग वर चढते, घरी गॅस चालू राहिला की काय असं आठवल्यासारखी हवेत थबकते आणि डावीकडे कोसळते. दर वेळी डावीकडेच. त्या बाजूच्या एका सीडरची साल मी एकट्याने सोलत आणलीय. माझ्याकडे इनोव्हा कंपनीच्या तीन डिस्क आहेत: डिस्ट्रॉयर, लेपर्ड आणि एव्हिआर नावाचा पटर (बास्केटजवळून हळू फेकायची डिस्क). टीवरून डिस्ट्रॉयर वापरतो, कारण ऑफिसातला मित्र म्हणाला की मोठे खेळाडू तीच फेकतात.

उजवीकडे वळणाऱ्या होलांवर तर मी आशाच सोडलीय. शिवाय डिस्क झाडात अडकली तर नियम काय? खोडाला चिकटून मागे पडली तर? आम्ही आपले अंदाजाने खेळतो आणि मग भांडतो.

"आम्ही" म्हणजे मी आणि बाबा. बाबा सध्या वाईहून आलेत, वय ६८. पहिला आठवडा नुसते बाकावर बसून माझी गंमत बघत होते. मग एक दिवस म्हणाले, "आण रे इकडे ती ताटली." तेव्हापासून प्रत्येक होलला पटरच घेतात, जागेवरून हलत नाहीत, आणि आडवा हात करून खालून काहीतरी विचित्रच फेकतात. परवा नऊ होलांत मला चार फेकींनी हरवलं. आईला फोन करून कळवलंही, आणि फोन स्पीकरवर होता.

कोकणकडा:

अहो, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त शेवटच्या परिच्छेदात! मी पोर्टलंडला पियर पार्कात खेळतो, तिथेही अशीच उंच फरची झाडी. तुमची सगळी पापं मी करून बसलोय.

तुमच्या डिस्कवर चार आकडे असतील ते बघा. डिस्ट्रॉयरचे १२, ५, -१, ३. पहिला वेग, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला उजवीकडे कलण्याचा आणि चौथा शेवटी डावीकडे पडण्याचा. (हे उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी, डावखुऱ्यांनी आरशात वाचावं.) पहिल्या आकड्याचा अर्थ "ही डिस्क वेगाने जाते" असा नाही, "हिला एवढा वेग द्यावा लागतो" असा आहे. पॉल मॅकबेथसारख्या नामवंत खेळाडूंच्या हातात तो वेग आहे. डिस्क्राफ्ट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये त्याच्याशी १० वर्षांचा १ कोटी डॉलरचा करार केला तो उगाच नाही. आपण अर्ध्याच वेगाने फेकतो, त्यामुळे सरळ उडण्याचा टप्पा येतच नाही, थेट चौथा आकडा हजर होतो. बॅकहँडमध्ये डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, आणि वेग ओसरला की अशी डिस्क डावीकडेच पडते. सीडरचा काही दोष नाही.

एव्हिआरचे आकडे २, ३, ०, १. म्हणजे हळू फेकली तरी सरळ जाते आणि शेवटी अगदी जराशी डावीकडे झुकते. दोनशे फुटांना हीच पुरे. फार तर एखादी मिडरेंज (मधल्या अंतराची डिस्क) घ्या, डिस्क्राफ्टची बझ किंवा इनोव्हाची माको३. डिस्ट्रॉयर गाडीच्या डिकीत ठेवा. बॅगेत नको, बॅगेत असली की हात जातोच.

दुसरं म्हणजे ते थबकणं. डिस्कचं नाक वर होतंय, पुढची कड वर उचलली जातेय. हवा खालून लागते, डिस्क चढते, दम संपतो, पडते. फेकताना मनगट किंचित खाली ठेवा, तांब्यातून पाणी ओतताना हात जसा पुढे झुकतो तसं. आणि जोर आला की खांदे मागे पडतात, त्यानेही नाक वर जातं. म्हणून पळत येणं बंद. जागेवर उभे राहा, डिस्क छातीच्या उंचीवर सरळ रेषेत मागे न्या आणि त्याच रेषेत पुढे ओढा. झाडीत ताकदीला कोणी विचारत नाही, पहिल्या साठ फुटांत फट सापडली की निम्मा होल झाला. बास्केटकडे बघूच नका, फटीकडे बघा.

चिंचोके_४२:

पुण्यातून वाचतोय, खेळाशी काडीचा संबंध नाही. पण एक शंका: हे साखळ्या-बिळ्या कोणाच्या डोक्यातून निघालं?

कोकणकडा:

@चिंचोके, एड हेड्रिक. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होता, फ्रिस्बीच्या पाठीवरच्या गोल रेघा हे त्याचंच काम. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात त्याने पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. सुरुवातीला नुसते खांब होते, खांबाला डिस्क लागली की होल पूर्ण. मग लागली की नाही यावरून वाद, म्हणून साखळ्यांची बास्केट आली. २००२ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. अस्थिविसर्जनाची ही एक तऱ्हा.

नीलिमा_बे:

पाऊसवेडा, बाबांना एक विचारा: लहानपणी कृष्णेच्या घाटावर चपटे दगड फेकून भाकऱ्या काढायचे का? माझी पैज आहे, हो म्हणतील. ते "विचित्र" म्हणजे चोख फोरहँड आहे. पाण्यावर दगडाच्या भाकऱ्या काढताना हात जसा जातो, कोपर अंगालगत, तळवा वर, शेवटी मनगटाचा झटका, तसाच.

उजव्या हाताच्या फोरहँडला डिस्क उलटी फिरते, म्हणून शेवटी उजवीकडे पडते. तुमच्या उजवीकडे वळणाऱ्या होलांचं औषध घरातच आहे, बाकावरून उठून आलंय! पकड अशी: मधलं बोट डिस्कच्या आतल्या कडेला घट्ट टेकवा, तर्जनी त्याच्या शेजारी किंवा तळाला आधाराला, अंगठा वर दाबून. झटका मनगटाचा, खांद्याचा नाही. पटरने फोरहँड करताना हलकं फेका, जास्त जोर लावला तर डिस्क थरथरते आणि उलटीच कुठेतरी जाते. मी सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पार्कात धुक्यात शिकले. पहिला महिना डिस्क फेकण्यापेक्षा शोधण्यातच गेला. तुम्हीही भडक गुलाबी किंवा केशरी डिस्क घ्या. हिरवी घेतलीत तर नेच्यांत अर्पण.

आणि हो, डिस्कच्या पाठीवर मार्करने फोन नंबर लिहा. माझ्या दोन डिस्क अनोळखी लोकांनी फोन करून परत दिल्यात.

नियमावली_राम:

भांडण मिटवतो. डिस्क झाडात अडकली तर दंड नाही. तिच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करा आणि तिथून खेळा. दोन मीटरपेक्षा उंच अडकली तर एक फेक दंड, हा नियम ऐकला असेल, पण स्पर्धेच्या संचालकाने आधी जाहीर केला असेल तरच तो लागू होतो. तुम्हा बापलेकांत संचालक कोण ते तुम्ही ठरवा.

खोडाला चिकटून मागे पडली आणि डिस्कमागे पाय ठेवायला जागाच नसेल, तर बास्केट ते डिस्क ही रेघ मागे वाढवा आणि त्या खोडाच्या लगेच मागे उभे राहा. दंड नाही. फांदी मोडायची नाही, हाताने बाजूला धरूनही ठेवायची नाही. ब्लॅकबेरीच्या बाबतीत हे जिवावर येतं, पण नियम तो नियम. हरवली तर शोधायला तीन मिनिटं, मग एक दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेक. बास्केटपासून दहा मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, पुढे झेपावत जायचं नाही. नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकतात आणि कोणी सांगितलं की रागावतात.

नियमांच्या वर एक गोष्ट. ते पार्क सगळ्यांचं आहे. वाटेवर कुत्रा फिरवणारे, लहान मुलं, जॉगर दिसले की थांबायचं. "जातील ते बाजूला" असं धरून फेकायची नाही. पटर लागला तरी डोकं फुटतं. डिस्क भलतीकडे गेली तर मोठ्याने "फोर!" ओरडा (क्रिकेटचा चौकार नव्हे, गोल्फमधला "सांभाळा!"). मागून वेगाने खेळणारे आले तर त्यांना पुढे जाऊ द्या.

बोथेलची_मावशी:

मी खेळत नाही, माझे यजमान खेळतात. पावसात भिजलेली डिस्क हातातून निसटते म्हणून त्यांच्या बॅगेत जुना पंचा असतो, टर्किशपेक्षा तो बरा, पिळला की लगेच वाळतो. आणि भल्या पहाटे झाडीत जात असाल तर टोपी घाला. आपल्या सिएटलकडच्या पार्कांत बार्ड जातीची घुबडं आहेत, पळणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घातल्याचे प्रकार झालेत. बाबांना जपा हो.

पाऊसवेडा_सिएटल:

(दोन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

डिस्ट्रॉयर डिकीत गेली. पहिल्या दिवशी जागेवरून पटर फेकताना इतकं मिळमिळीत वाटलं की आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते बघितलं. डिस्क गेली सरळ, दोन खोडांमधून, आणि बास्केटच्या अलीकडे वीस फुटांवर बसली. मी तोंड उघडं ठेवून उभा. बाबा म्हणाले, "आता कळलं?" नऊ होलांत माझ्या सात फेकी कमी झाल्या. नाक अजून अधूनमधून वर जातं, विशेषतः बाबा पुढे असले की. तांब्याची युक्ती मनात म्हणतो तेव्हा बरं जमतं.

नीलिमाताई, पैज जिंकलात. विचारल्यावर बाबा दहा मिनिटं बोलत होते. मेणवलीच्या घाटावर सात-सात भाकऱ्या काढायचे म्हणे, आणि मास्तरांचा मारही खाल्ला होता त्यापायी. मला फोरहँड तेच शिकवताहेत. माझी डिस्क अजून थरथरते, त्यांच्या मते माझं मनगट "संगणकाने आखडलंय".

तरी काल एका फेकीने तेच जिंकले.

आता नवाच प्रश्न. ते पुढच्या महिन्यात परत जाणार आणि डिस्क सोबत न्यायची म्हणताहेत. गावाबाहेर आमची थोडी आमराई आहे, तिथे कोर्स आखायचा बेत आहे. बास्केट एवढी जड, नेणार कशी? साखळ्या तिथे मिळतील, पण बनवणार कोण?

कोकणकडा:

बास्केट कशाला? हेड्रिकनेही खांबांवरच सुरुवात केली होती. प्रत्येक होलला एक आंब्याचं झाड ठरवा, बुंध्याला चुन्याचा पट्टा मारा, पट्ट्याला डिस्क लागली की होल पूर्ण. फक्त मोहोर आणि कैऱ्यांच्या दिवसांत खेळ बंद ठेवा, नाहीतर राखणदार तुमच्यावर डिस्क फेकेल.

नियमावली_राम:

आणि पट्ट्याला लागली की नाही हे ठरवायला तिसरा माणूस ठेवा. बाबांना ओळखत नाही, पण तुमचा धागा वाचलाय.