लिफ्टसमोरच्या कुंड्या

ए-१०४ वैनी: परत तोच मेसेज आलाय बघा. 'पान खाल्लं की मूल १ मिनिटात दगावतं.' फोटोतलं झाड म्हणजे आपल्या लिफ्टसमोरचं ठिपकेवालं! सेक्रेटरी काका, आजच उचला कुंड्या.

सी-३०२ सेक्रेटरी: थांबा की जरा वैनी, दिवाळीलाच आणल्यात. सर, तुम्ही सांगा.

बी-२०१ सर: ते डिफेनबॅकिया. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की जीभ सुजते, लाळ गळते. घसा सुजला तर दवाखाना गाठायचाच, पण १ मिनिटाची गोष्ट मेसेजवाल्याच्या मनातली. कच्चट अळू खवखवतं ना, तेच हे. म्हणून तर भाजीत चिंच घालतो. मनीप्लांटमधेही तेच असतं.

ए-१०४ वैनी: अगंबाई! माझ्या ओट्यावरच आहे की तो.

डी-४०१ आजी: आम्ही बिट्ट्या खेळत मोठं झालो, काय झालं न्हाई.

बी-२०१ सर: आजी, खरी भीती तिथंच. झोपाळ्यामागची पिवळी कण्हेर, तिचीच ती बिट्टी. बी पोटात गेली तर उलट्या होतात, नाडी मंदावते, हृदयाचे ठोके चुकतात. जीव जातो. लाल कण्हेरही त्याच कुळातली. हायवेच्या डिव्हायडरवर उगाच लावत नाहीत, शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत आणि आपल्या ४२ डिग्रीतपण फुलते.

डी-४०१ आजी: धोतरा, कण्हेर महादेवाला चालतंय की.

बी-२०१ सर: त्यानं हलाहल पचवलंय आजी. तुमच्या नातवाला नाही पचायचं 😀

ए-२०३: आमच्याकडं सोनं तोलायच्या जुन्या गुंजा आहेत डबीत. त्या?

बी-२०१ सर: अख्खी गिळली तर कवच टणक, बहुतेकदा तशीच बाहेर पडते. चावून फोडली तर जीवघेणी. डबी वर ठेवा.

ए-१०४ वैनी: पोरानं खाल्लंच काही, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची ना?

बी-२०१ सर: अजिबात नाही! तोंडातलं काढा, उरलेलं पान नाहीतर बी सोबत घ्या आणि १०८ लावा.

सी-३०२ सेक्रेटरी: मग कुंड्या गच्चीत, आणि कण्हेर छाटू का?

डी-४०१ आजी: झोपाळा हलवा. माझी पूजेची फुलं हायत ती.

बी-२०१ सर: आजींचं बरोबर. खाली पडलेल्या बिट्ट्या तेवढ्या रोज झाडून घ्या.

सी-३०२ सेक्रेटरी: ठीक. उद्या पाणी येणारे, माणूस टाकीवर असेल. झोपाळा परवा.