पाळणाघर असलेलं स्टेडियम

दुकानांचे गाळे काढल्याशिवाय किंवा एखाद्या कंपनीला नाव विकल्याशिवाय क्लबच्या स्टेडियमचा खर्च निघत नाही, असं नेहमी म्हटलं जातं. मला हे पटत नाही, कारण मी हॅम्बुर्गमध्ये राहते आणि सांक्ट पाउली या फुटबॉल क्लबचं मिलर्नटोर स्टेडियम माझ्या रोजच्या वाटेवर आहे.

त्यांनी 2007 ते 2015 या काळात एकेक स्टँड पाडून नवा बांधला. जागा 29,546, त्यातल्या निम्म्याहून जास्त उभ्याच्या, म्हणजे तिकीट परवडतं. आणि स्टँडच्या पोटात चक्क पाळणाघर आहे! सामन्याच्या दिवशी तिथे मुंगीला वाट मिळत नाही. सोमवारी सकाळी त्याच फाटकातून आई-बाप बाबागाड्या ढकलत येतात, एखादं पोर पावसाळी बूट घालून डबक्यात उभं असतं. वस्तीला स्टेडियमचा उपयोग म्हणजे मला हे दिसतं. दुसऱ्या एका स्टँडखाली पोलीस चौकी होणार होती. समर्थकांनी ती अडवली, आज तिथे क्लबचं संग्रहालय आहे.

स्टेडियमचं नाव विकायचं नाही, हे सभासदांनी 2007 मध्येच ठरवलं. आणि पैसा? 2024 मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली. आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखे भाग विकले, एक भाग शुल्कासह 850 युरोंना. एकवीस हजारांहून जास्त लोकांनी ते घेतले, सुमारे 29 दशलक्ष युरो जमले.

सहकार आपल्याला कोणी शिकवायला नको. मग आपल्या मैदानांच्या बाबतीत बिल्डरशिवाय दुसरं नाव आपल्या तोंडात का येत नाही?