हवामान बदलाच्या स्थानिक आराखड्यात ज्येष्ठांचा सहभाग : मदत हवी आहे

नमस्कार. उष्णतेच्या लाटा आणि अतिवृष्टी यांना तोंड देण्यासाठी आमच्या वस्तीचा आराखडा तयार होत असून, त्यात ज्येष्ठांना केवळ जपायची माणसे म्हणून नव्हे, तर निर्णयातील भागीदार म्हणून कसे सामील करून घ्यावे, याबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

धोका त्यांना अधिक आहे, हे खरेच. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो. परंतु आपत्तींची जोखीम कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सेंदाई आराखड्याने ज्येष्ठांचे ज्ञान अमूल्य मानले असून, पूर्वसूचना यंत्रणेसह धोरणे आखताना त्यांना सोबत घ्यावे, असेही म्हटले आहे.

गेल्या बैठकीत एक आजी शेवटपर्यंत गप्प होत्या. उठताना मात्र त्यांनी नकाशावर बोट ठेवून पुराचे पाणी पहिल्यांदा कोणत्या वळणावर चढते ते दाखवले. आमच्या नकाशात ती जागा कोरडी रंगवलेली होती. त्या आधी का बोलल्या नाहीत, हा प्रश्न मला अजून छळतो. बहुधा चर्चा फार वेगाने, तीही तांत्रिक शब्दांत झाली आणि मागे बसलेल्यांना ती नीट ऐकूही आली नसावी.

अशा आठवणी घरोघरी जाऊन नोंदवाव्यात का? नोंदींची पडताळणी कशी करावी? घराबाहेर पडू न शकणाऱ्यांचे मत कसे घ्यावे? एकट्या राहणाऱ्यांना इशारा फोनवरून कळवण्याची साखळी ज्येष्ठांनीच चालवल्याचा कुणाला अनुभव असल्यास, कृपया तो सविस्तर लिहावा.