अमेरिकेत पुढची नंबरप्लेट सगळ्या राज्यांत सक्तीची असावी का?

चांदणवेल:
अमेरिकेत गाडीला पुढे नंबरप्लेट लावायची की नाही, हे ज्या-त्या राज्यावर सोडलेलं आहे. कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय इथे पुढे-मागे दोन्हीकडे पाटी लागते. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, फ्लोरिडा, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना इथे फक्त मागे. ओहायोने 1 जुलै 2020 पासून पुढची पाटी रद्द केली, युटाने 2025 पासून. वारं एकाच दिशेने वाहतंय आणि ती दिशा मला साफ चुकीची वाटते.

माझा सगळ्यात मोठा मुद्दा शाळेच्या बसचा आहे. बस थांबते, लाल दिवे लुकलुकायला लागतात, डाव्या बाजूने थांबण्याची पाटी बाहेर येते, मुलं रस्ता ओलांडायला लागतात. तेवढ्यात समोरून एखादी गाडी वेग जराही कमी न करता निघून जाते. आमच्या कोपऱ्यावर हे मी स्वतः पाहिलंय. ड्रायव्हरबाई हॉर्न दाबून धरतात, मुलं जागच्या जागी थिजतात. त्या क्षणी बाईंना दिसतं ते येणाऱ्या गाडीचं तोंड. तिथे नंबरच नसेल तर त्यांनी पोलिसांना काय सांगायचं? पांढरी एसयूव्ही होती, एवढंच? ओहायोत हा बदल होत असताना पोलीस आणि शाळेच्या बसवाले हेच तर सांगत होते.

ठोकून पळून जाणाऱ्यांचंही तसंच. तुमच्या मागे असलेल्या किंवा समोरून येणाऱ्या गाडीचा पुढचाच भाग तुम्हाला आणि तुमच्या डॅशकॅमला आधी दिसतो. सार्वजनिक रस्त्यावर दीड-दोन टनांचं यंत्र चालवायचं असेल तर ते दोन्ही बाजूंनी ओळखू आलं पाहिजे. यात कुणावर काय अन्याय होतो, ते मला खरंच कळत नाही.

गिअरवाला:
असहमत. बसच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो. पेनसिल्व्हेनिया आणि जॉर्जियात पुढची पाटी नाही, तरी तिथे बसच्या बाजूला लावलेल्या कॅमेऱ्यांवरून दंडाच्या नोटिसा घरी जातात. समोरून आलेली गाडी बस ओलांडून गेली की तिची मागची पाटी कॅमेऱ्यात येतेच. लाल दिवे, हॉर्न, घाबरलेली मुलं, एवढ्या गडबडीत ड्रायव्हरने सात अक्षरं डोळ्यांनी टिपायची ही अपेक्षाच मला अवास्तव वाटते.

आता गाडीचं बोलू. आजच्या बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर असतात, ग्रिलच्या आसपास अडॅप्टिव्ह क्रूझचा (म्हणजे समोरच्या गाडीपासून अंतर राखून आपोआप वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) रडार असतो, इंजिन थंड ठेवायला हवेच्या जाळ्या असतात. पाटी बारा इंच रुंद आणि सहा इंच उंच. ती नेमकी कुठे बसवायची? मिशिगनमध्ये घेतलेली गाडी बदली झाली म्हणून इलिनॉयला नेली, की धडधाकट बंपरला ड्रिल मारा. ती भोकं कायमची. गाडी लीजवर (ठरावीक मुदतीसाठी भाड्याने) असेल तर परत करताना त्यावरून घासाघीस वेगळीच.

उंबरठा:
चांदणवेल यांना +1. पार्किंगचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. जिथे फक्त मागची पाटी असते तिथे बऱ्याच पार्किंग लॉटमध्ये आणि कॉलेज कॅम्पसवर गाडी उलटी लावायला मनाई असते. पाटी भिंतीकडे गेली तर परमिट तपासणाऱ्याला नंबर दिसत नाही. त्यामुळे सगळे नाकासमोर गाडी घुसवतात आणि निघताना रिव्हर्समध्ये बाहेर येतात. शेजारी मोठी व्हॅन उभी असेल तर मागून चालत येणारं लहान मूल दिसतही नाही. उलटी लावलेली गाडी काढताना ड्रायव्हरला समोरचं सगळं स्पष्ट दिसतं. बंपरला दोन भोकं पडू नयेत म्हणून आपण लोकांना कमी सुरक्षित पद्धतीने पार्किंग करायला लावतोय.

गिअरवाला:
हा मुद्दा चांगला आहे, पण तो पार्किंगच्या व्यवस्थेचा दोष आहे. परमिटचा स्टिकर काचेवर लावता येतो.

चांदणवेल:
गिअरवाला, कॅमेरे सगळ्या बसना नसतात. ते बसवायला शाळा जिल्ह्याकडे (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे) पैसे लागतात, कंत्राट लागतं, राज्याचा तसा कायदा लागतो. पाटी म्हणजे एक पत्रा आणि दोन स्क्रू. आणि ड्रिल मारायलाच हवं असंही नाही. गाडी ओढून नेण्यासाठी बंपरवर छोट्या झाकणाखाली आट्यांचं भोक असतं, त्यात बसणारे ब्रॅकेट मिळतात. आमच्या गाडीला तेच लावलंय. पाटी जरा एका बाजूला येते, पण बंपरला ओरखडाही नाही.

उत्तरवारा:
मी ओहायोत राहतो. इथे बदल का झाला, तेही लक्षात घ्या. ओहायोच्या सीमेला लागून पाच राज्यं आहेत: मिशिगन, इंडियाना, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया. पाचही ठिकाणी फक्त मागची पाटी. आमच्या रस्त्यावर धावणाऱ्या कितीतरी गाड्यांना आधीपासून पुढे काही नव्हतंच, आणि ते कायदेशीर होतं, कारण गाडी जिथे नोंदवलेली असते तिथला नियम तिला लागू होतो. मग फक्त ओहायोवाल्यांनी दुसऱ्या पाटीचा खर्च का करायचा, असा सरळ प्रश्न होता. शिवाय ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या ट्रॅक्टरला, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या भागाला, आजही पाटी पुढेच लागते, कारण मागे ट्रेलर असतो. जिथे खरी गरज आहे तिथे ती ठेवलेलीच आहे.

मॅसॅच्युसेट्सचंही उदाहरण बघा. तिथे 1987 पासून दोन पाट्या द्यायला लागले, पण त्याआधीच्या हिरव्या पाट्या अजून वैध आहेत आणि त्या गाड्यांना फक्त मागेच पाटी असते. एकाच राज्यात, एकाच रस्त्यावर दोन्ही पद्धती इतकी वर्षं नांदतायत.

रानपाखरू:
इथवरची चर्चा बंपर आणि कॅमेऱ्यांभोवती फिरतेय. मला या नियमाची खरी किंमत सांगायची आहे.

19 जुलै 2015 ला ओहायोतल्या सिनसिनाटीत सॅम्युअल डुबोस या 43 वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला विद्यापीठाच्या पोलिसाने थांबवलं. कारण काय, तर गाडीला पुढची पाटी नव्हती. तो निःशस्त्र होता. थोड्या वेळाच्या बोलण्यानंतर पोलिसाने त्याच्या डोक्यात गोळी घातली. खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि 2017 मध्ये आरोप मागे घेतले गेले. गोळीबारानंतर पाच वर्षांनी त्याच ओहायोत तो नियमच रद्द झाला. पाटी गाडीच्या मागे तेव्हाही होती. पोलिसाला नंबर हवा असता तर तो मागून वाचता येतच होता.

आणि हे एकट्या पोलिसापुरतं नाही. 1996 च्या व्रेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की वाहतुकीचा कुठलाही नियम मोडलेला असेल तर पोलिसाच्या मनात दुसरंच काही असलं तरी गाडी थांबवणं वैध ठरतं. म्हणजे असा प्रत्येक बारीक नियम पोलिसाच्या हातातलं एक जादा निमित्त असतो. चांदणवेल, तुम्ही विचारलंत, यात कुणावर काय अन्याय होतो. ज्यांच्या गाड्या जास्त वेळा थांबवल्या जातात, त्यांना विचारून बघा. आपण भारतीय बहुतेक वेळा 'फिक्स-इट' तिकिटावर सुटतो. कॅलिफोर्नियात पाटी लावून दाखवली आणि 25 डॉलर भरले की प्रकरण मिटतं. सगळ्यांचं तसं मिटत नाही.

चांदणवेल:
हे वाचून गप्प झाले. डुबोस यांचं प्रकरण मला माहीत होतं, आणि त्यात जे घडलं त्याचं समर्थन कुणीच करू शकत नाही. तरी मला वाटतं की दोष थांबवण्याच्या अधिकाराचा आहे, पाटीचा नाही. व्हर्जिनियात दोन्ही पाट्या सक्तीच्या आहेत. तिथे 2021 पासून नंबरप्लेटवरचा दिवा गेलाय, काचेवर गडद फिल्म आहे, आरशाला काही लटकतंय, तर केवळ तेवढ्या कारणावरून पोलिसांना गाडी थांबवता येत नाही. त्या यादीत पुढच्या पाटीची भर घाला आणि हाच नियम देशभर करा. पाटी नसल्याची नोटीस टपालाने पाठवा. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बंदूकधारी माणूस खिडकीशी जायची गरजच काय?

कोष्टी:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. रस्त्यांच्या कडेला, पोलिसांच्या गाड्यांवर, मॉलच्या दारात नंबर वाचणारे कॅमेरे बसलेत. पाटी दोन्ही बाजूंना असली की ते दोन्ही दिशांनी वाचतात. तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे गेलात, कुठल्या देवळात किंवा सभेला गेलात, सगळं कुठेतरी साठून राहतं. कॅलिफोर्नियाचंच बघा. तिथले सिग्नलचे जुन्या कायद्याखालचे कॅमेरे पाटीबरोबर ड्रायव्हरच्या चेहऱ्याचाही फोटो घेतात, कारण दंड ड्रायव्हरला होतो. पण 2023 च्या कायद्याने आणलेल्या वेगाच्या कॅमेऱ्यांना फक्त मागच्या पाटीचा फोटो घ्यायला सांगितलंय. चेहरा न टिपताही काम होतं, हे खुद्द तिथल्या विधिमंडळानेच मान्य केलंय. मग पुढची पाटी कशाला हवी?

उंबरठा:
कोष्टी, न्यू हॅम्पशायर बघा. तिथे दोन्ही पाट्या सक्तीच्या आहेत. पण पोलिसांच्या कॅमेऱ्याने वाचलेला नंबर कुठल्या हव्या असलेल्या गाडीशी जुळला नाही तर ती नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते. तीन मिनिटांत! म्हणजे खासगीपणा जपायचा असेल तर साठवणुकीवर कायदा करावा लागतो. मागची पाटी ठेवून फक्त पुढची काढली, तर कॅमेरा मागून वाचेलच की. तुमच्या डॉक्टरकडच्या फेरीची नोंद तशीच राहणार.

कोष्टी:
न्यू हॅम्पशायरचा कायदा उत्तम आहे, वादच नाही. पण तसा कडक कायदा असलेलं दुसरं राज्य माझ्या ओळखीचं नाही. जो संरक्षक कायदा बाकी ठिकाणी नाहीच, त्याच्या भरवशावर मी आणखी एक पाटी लावायची?

गिअरवाला:
चांदणवेल, टपालाने नोटीस पाठवायची तर आधी कुणीतरी मागची पाटी वाचलेली असणार. मग पुढची नसल्याने अडलं कुठे?

चांदणवेल:
गस्तीच्या गाडीला ती निवांत मागून वाचता येते. बसच्या ड्रायव्हरबाईंना समोरून सुसाट आलेल्या गाडीची मागची पाटी वाचता येत नाही. मी त्यांच्यासाठी भांडतेय, पोलिसांसाठी नाही. आणि नोटीसही नको असेल तर दरवर्षीच्या तपासणीत बघा. टेललाइट बघता तशी पाटीही बघा.

उत्तरवारा:
ओहायोत वार्षिक सुरक्षा तपासणी नाहीच. मिशिगन, इंडियानातही नाही. त्यामुळे तो उपाय निम्म्याहून जास्त राज्यांत चालणार नाही.

रानपाखरू:
चांदणवेल, व्हर्जिनियाचं उदाहरण मला पटतं. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येक राज्याने लिहून द्यावं की केवळ पाटी नाही म्हणून गाडी थांबवता येणार नाही. तो कायदा अमलात आला की मी तुमच्याबरोबर पुढच्या पाटीची मागणी करेन, शाळेच्या बसचा मुद्दा मलाही महत्त्वाचा वाटतो. आधी सक्ती आणि मग कधीतरी सुधारणा, याला माझा विरोध कायम राहील.