मदत हवी आहे : १९६९ च्या शेव्हेलचं स्टीअरिंग ढिलं आहे

नमस्कार मंडळी. आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्याकडे १९६९ ची शेव्हरले शेव्हेल आहे, पॉवर स्टीअरिंगची. हायवेवर स्टीअरिंग दोन-अडीच इंच फिरवलं तरी गाडी दाद देत नाही आणि मग एकदम खेचते. शेजारी मुलगी बसलेली असते, त्यामुळे हे अंगावर काढायचं नाही.

बायकोला इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि मी बॉनेटखाली पाहिलं. कॉलम आणि स्टीअरिंग बॉक्सच्या मधला रॅग जॉइंट (रबराचा लवचिक सांधा) नुसताच पिळला जातोय, कडेचं रबर भेगाळलंय. आयडलर आर्मही (स्टीअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) वर-खाली हलतो. हे दोन्ही बदलणारच. चाकांकडचे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड, घट्ट आहेत.

प्रश्न सॅगिनॉ बनावटीच्या स्टीअरिंग बॉक्सचा. गॅरेजवाला म्हणतो, वरचा स्क्रू आवळा, काम झालं. मला ते पटत नाही. आधी पिटमन आर्म (बॉक्समधून चाकांकडे जोर नेणारा हात) सोडवून वर्मच्या (बॉक्समधल्या आट्यांच्या दांड्याच्या) बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाचा ताण, बघायचा, मग बॉक्स बरोबर मध्यावर ठेवून तो स्क्रू. जास्त आवळला तर मध्यावर जाम होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही. कुणी घरी केलंय का? की सरळ १२.७:१ रेशोचा (कमी फिरवून जास्त वळणारा) रिबिल्ट बॉक्स घालू?

अजून एक. टायर रेडियल आहेत, कंपनीचं अलाइनमेंट मात्र बायस-प्लाय या जुन्या प्रकारच्या टायरांच्या काळातलं, कास्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) शून्याच्या आसपास. सस्पेन्शनचे मूळचे अप्पर आर्म ठेवून नुसत्या शिम (पातळ पट्ट्या) लावून पॉझिटिव्ह ३ अंश मिळतात का?