मूळ अमेरिकन कलेची जुनी सचित्र पुस्तकं: सुटं चित्र घ्यावं की अख्खं पुस्तक?

ओहायोकर:
नमस्कार मंडळी. मी सिनसिनाटीत राहते. माया आणि मिश्तेक (मेक्सिको-मध्य अमेरिकेतले), किओवा (अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातले) वगैरे मूळ लोकांच्या कलेवरची जुनी सचित्र पुस्तकं जमवायला लागलेय. आत्ता घरात आहेत ती साधीच: डोव्हर प्रकाशनाचं कोडेक्स नटॉल (मिश्तेकांच्या जुन्या चित्रपोथीची छापील प्रत, १९७५चं पेपरबॅक) आणि मेक्सिकन चित्रकार कोव्हारूबियासचं 'इंडियन आर्ट ऑफ मेक्सिको अँड सेंट्रल अमेरिका' (१९५७, जॅकेट फाटकं).

एका जुन्या पुस्तकवाल्याकडे तीन गोष्टी बघून आले. मॅकेनी आणि हॉल यांच्या, मूळ अमेरिकन पुढाऱ्यांच्या चित्रांच्या ग्रंथातलं सेक्वोया या चेरोकी माणसाचं रंगीत चित्र, फ्रेमसकट. १९२९च्या 'किओवा इंडियन आर्ट' या चित्रसंचामधलं एक सुटं चित्र. आणि स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशाच्या युकातान (मेक्सिकोतला माया अवशेषांचा प्रदेश) प्रवासाचे दोन खंड, हार्पर प्रकाशन, १८४३, बांधणीचं कापड विटलेलं. तिन्हींच्या किमती जवळपास सारख्याच, आणि मला एकच परवडेल. घरचे म्हणतात सेक्वोया घे, हॉलमध्ये शोभेल. काय करू?

शिळाछाप:
ताई, स्टीफन्स घ्या. कारण जरा सविस्तर सांगतो.

मॅकेनी-हॉलचा ग्रंथ तीन खंडांचा, १८३६ ते १८४४ या काळात निघाला. त्यात हाताने रंगवलेली १२० शिळाछाप (दगडावरून छापलेली) चित्रं होती. वॉशिंग्टनला वाटाघाटींसाठी आलेल्या जमातींच्या पुढाऱ्यांची तैलचित्रं काढून घेतली होती, बरीचशी चार्ल्स बर्ड किंगने काढलेली, आणि त्यांवरून ही छापली. १८६५च्या जानेवारीत स्मिथसोनियनला आग लागली आणि मूळ चित्रांतली बहुतेक जळाली. म्हणजे त्यातल्या कित्येक माणसांचे चेहरे आज या छापील पानांमुळेच आपल्यापर्यंत पोचलेत.

आणि त्याच ग्रंथाचे खंड सोडवून एकेक चित्र फ्रेम करून विकलं जातं. मला याचा मनापासून राग येतो. ग्रंथात सेक्वोयाच्या चित्रासोबत त्याचं चरित्र आहे: चेरोकी भाषेसाठी लिपी घडवणारा माणूस, तोंडात पाइप, हातात त्या लिपीचा तक्ता. पान कापलं की चरित्र गेलं. सेक्वोयाला निदान लोक ओळखतात. बाकीच्यांचं भिंतीवर काय होतं? 'एक रेड इंडियन', संपलं. त्या माणसाचं नाव, त्याची जमात, तो वॉशिंग्टनला कशासाठी आला होता, सगळं कापलेल्या बाजूला राहतं. आपण फ्रेम विकत घेतली की पुढचा खंड सोडवायला पैसे पुरवले, असं मी मानतो.

आता स्टीफन्स. त्याच्यासोबत चित्रकार होता फ्रेडरिक कॅथरवुड. आधीच्या प्रवासात, १८३९ साली होंडुरासमधल्या कोपानला, माया लोकांच्या शिलास्तंभांवरची नक्षी सुरुवातीला त्याला कागदावर उतरवताच येईना, इतकी ती गुंतागुंतीची आणि डोळ्यांना अनोळखी. चिखलात पाय रोवून, डासांपासून वाचायला हातमोजे घालून तो काढत होता, असं स्टीफन्सनेच लिहिलंय. पुढे १८४२ साली न्यूयॉर्कमधलं कॅथरवुडचं प्रदर्शनगृह जळालं. त्यात त्याची बरीच चित्रं आणि युकातानहून आणलेल्या कोरीव लाकडी तुळयाही गेल्या. दुसऱ्या वर्षी हे दोन खंड निघाले. इथे चित्र आणि मजकूर एकमेकांना धरून आहेत. दरवाजा कुठला, तिथे कसे पोचले, छत कोसळलं होतं का, हे सगळं शेजारच्या पानावर सापडतं.

घेण्याआधी तपासा. दादरला वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं आणि फर्मे (छापील कागदाच्या घड्या) जुळवायचं काम माझ्याकडे असायचं, म्हणून हे हातात बसलंय. स्टीफन्सच्या शीर्षकपानावरही १२० चित्रं म्हटलंय. आत चित्रांची यादी असते, ती पुढ्यात ठेवून दोन्ही खंड पानोपान बघा. घडीची चित्रं उघडून उजेडासमोर धरा, कागद आधी घडीवर फाटतो. तांबूस डागांना घाबरू नका, त्या काळच्या कागदाला ते येतातच. कापड विटलंय तेही चालेल. पान गेलेलं मात्र चालणार नाही.

पानवेल:
शिळाछाप यांच्याशी सहमत, पण किओवाच्या चित्राची गोष्ट वेगळी आहे. फ्रान्समधल्या नीस शहरात श्वेदझिकी नावाच्या प्रकाशकाने तो संच काढला. तो मुळातच ३० सुट्या चित्रांचा, म्हणजे ते चित्र कुणी कापलेलं नाही. संच मात्र नक्की फुटलाय.

त्याचं तंत्र हातात घेऊन बघण्यासारखं आहे. प्रत्येक रंगासाठी वेगळा साचा कापायचा आणि त्यातून ब्रशने रंग भरायचा. दिव्याखाली तिरकं धरलंत तर रंगाच्या कडेला किंचित उंचवटा दिसतो आणि मधे ब्रशचे फराटे. संचातली चित्रं पाच किओवा चित्रकारांची, त्यांत लोइस स्मोकी ही एकटी स्त्री. किओवांमध्ये माणसांची चित्रं पुरुषांनी काढायची आणि बायकांनी भौमितिक नक्षी, असा रिवाज होता. तरी तिने माणसं काढली आणि ती या संचात आहेत.

ओहायोकर, श्वेदझिकीचे हे संच सिनसिनाटी विद्यापीठाने स्कॅन करून खुले केलेत. आधी ते सगळे बघा, मग एका चित्रासाठी पैसे मोजावेत का ते ठरवा.

ओहायोकर:
गावातच आहे आणि मला पत्ताच नाही! आभार. माझ्या डोव्हर नटॉलला काही अर्थ आहे का?

शिळाछाप:
अभ्यासाला उत्तम आहे, जपून ठेवा. एवढंच लक्षात असू द्या की ती १९०२ साली झेलिया नटॉल या अभ्यासक बाईंनी हार्वर्डच्या पीबडी म्युझियमसाठी काढलेल्या प्रतीची छपाई आहे आणि ती प्रत हाताने पुन्हा रंगवलेली होती. मूळ पोथी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, हरणाच्या कातड्याची, घड्याघड्यांची. उजवीकडून वाचायला लागायचं आणि लाल रेघा नेतील तसं वर-खाली जायचं. पानं कापून शिवलेल्या पुस्तकात ही चाल तुटते. कधी पैसे साठले तर ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरातल्या एडीईव्हीए या प्रकाशनाच्या घडीच्या प्रती शोधा. त्या मूळ पोथ्यांच्या फोटोंवरून केलेल्या आहेत, डागांसकट.

ओहायोकर:
आज यादी घेऊन बसले. चित्रं सगळी जुळली. पहिल्या खंडातलं घडीचं चित्र मागून चिकटपट्टी लावून जोडलंय, पट्टी पिवळी पडलीय. काढू का?

शिळाछाप:
अजिबात नको. ओढलीत तर शाईसकट कागदाचा पापुद्रा येईल. भाव करताना ती पट्टी पुस्तकवाल्याला दाखवा, पुस्तक घ्या, आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाकडून ती सोडवून घ्या. तोवर ते चित्र घडीतून उघडू नका.